केळी : कापावे काय, राखावे काय?

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गाने रावेर, यावल, चोपडा ओलांडून धुळे जिल्ह्यातील शिरपूरकडे जाताना ठिकठिकाणी केळीच्या बागा दिसतात. तापीखोऱ्यातील या पिकाची ख्याती जुनी आहे. 'जळगाव केळी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ साली रावेर तालुक्यातील तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईस रवाना झाली. या यशात काळी माती, पाणी व खत यांचा वाटा आहे, तसाच विळ्याचाही आहे. योग्य वेळी चाललेला विळा घड भरदार करतो, तर चुकीच्या जागी चाललेला विळा वर्षभराच्या श्रमावर पाणी फिरवितो. म्हणूनच कापण्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

शेंड्याचे वर्चस्व

बहुतेक वनस्पतींच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खाली उतरते आणि बाजूचे डोळे फुटण्यास अटकाव करते. शेंडा खुडला की हा अटकाव दूर होऊन बाजूच्या फांद्या जोमाने वाढतात. धुळे जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी तुरीचा शेंडा पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी खुडतो, तो याच कारणासाठी. फांद्या वाढल्या की शेंगा धरण्यास जागा वाढते.

केळीची रचना मात्र वेगळी आहे. जे खोड म्हणून दिसते ते खरे खोड नसून एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा सोट असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. वाढीचा कोंब त्या कंदावर, सोटाच्या बुडाशी दडलेला असतो आणि कंदाच्या बाजूच्या डोळ्यांतून पिले फुटतात. ही रचना ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व कामांचा उलगडा होतो.

दिव्यांखालची बाग

आज खानदेशात लागणारी बरीचशी केळी शेतात येण्यापूर्वी बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात वाढलेली असते. ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, या नावाने ही पद्धत ओळखली जाते. जळगावच्या जैन इरिगेशन या कंपनीने ग्रँड नैन जातीची अशी रोपे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली आणि बसराई, श्रीमंती या जुन्या जातींच्या जोडीला ही जात सर्वत्र पसरली.

निरोगी झाडाचे तलवारीसारख्या अरुंद पानांचे पील निवडून त्याचे थर सोलले जातात. आतील इवलासा कोंब निर्जंतुक करून पोषक द्रव्याच्या बाटलीत ठेवतात. खोलीचे तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअस राखले जाते आणि सामान्यतः १६ तास उजेड व ८ तास अंधार असा क्रम असतो. येथे कोंब उभा चिरला जातो, म्हणजे शेंड्याचे वर्चस्व मुद्दाम मोडले जाते. सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या साहाय्याने एका कोंबापासून अनेक कोंब फुटतात. दर तीन-चार आठवड्यांनी ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावतात. अशा फेऱ्या अमर्याद करून चालत नाही, कारण त्या वाढल्या की विकृत रोपांचे प्रमाणही वाढते.

दिव्याखाली वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो व त्यांना ऊन सोसत नाही. म्हणून रोपे प्रथम दमट हरितगृहात व नंतर शेडनेटखाली ठेवून काटक केली जातात. चांगल्या रोपाची लागवड केल्यास पहिला घड साधारणपणे ११ ते १२ महिन्यांत काढणीस येतो.

एकाचे अनेक, अनेकांतून एक

प्रयोगशाळेत एकाचे अनेक करण्यासाठी सुरी चालते. शेतात अनेकांतून एक राखण्यासाठी विळा चालतो. मातृवृक्षाभोवती फुटणारी पिले त्याच्याच अन्नपाण्यात वाटेकरी होतात. ती वाढू दिली तर घड निसवण्यास विलंब होतो व घड हलका भरतो. यास्तव पिले लहान असतानाच, दर तीन-चार आठवड्यांनी, जमिनीलगत कापावीत. मात्र नुसता वरचा भाग कापून भागत नाही. कोंब खाली शाबूत असल्याने पील पुन्हा वर येते. त्यासाठी कापलेल्या पिलाचा मधला गाभा विळ्याच्या टोकाने कोरून काढावा. कुदळीने खणून पिले उपटू नयेत, कारण मातृकंदास जखम होते, मुळे तुटतात आणि वाऱ्यात झाड कोलमडते.

पील बाग घ्यावयाची असल्यास घड निसवल्यानंतर एकच जोमदार पील राखावे. घड काढल्यावर मातृवृक्षही एकदम बुंध्याशी न तोडता टप्प्याटप्प्याने कापावा, म्हणजे त्यातील अन्नरस पिलास मिळतो.

पान तोडताना सावधान

घड निसवला की केळीस नवे पान येत नाही. कोंबाचे रूपांतर फुलोऱ्यात झालेले असते. त्या वेळी झाडावर किमान ८ ते १० निरोगी पाने असावीत, कारण घड भरण्याचे काम त्यांनाच करावयाचे असते. बाग स्वच्छ दिसावी म्हणून हिरवी पाने उतरविणारा शेतकरी स्वतःच्याच घडाचे वजन उतरवीत असतो. वाळलेली, लोंबणारी व घडास घासणारी पाने तेवढी काढावीत. करपा रोगाचे ठिपके पानाच्या थोड्या भागावर असतील तर तेवढाच भाग कापावा. अर्ध्याहून अधिक पान करपले असेल तर ते पूर्ण काढून बागेबाहेर नष्ट करावे.

शेवटची फणी उमलल्यानंतर केळफूल, म्हणजेच कमळ, कापावे. घडाच्या टोकाकडील अपुऱ्या फण्याही काढाव्यात, म्हणजे वरच्या फण्या एकसारख्या भरतात.

जेथे विळा हरतो

सर्वच दुखणी कापून बरी होत नाहीत. २०२० च्या पावसाळ्यात रावेर व यावल परिसरात कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाने अनेक कोवळ्या बागा ग्रासल्या. पानांवर पिवळे पट्टे दिसताच तेवढी पाने तोडून झाड वाचविण्याचा मोह होतो, परंतु विषाणू सर्व झाडात भिनलेला असतो. असे झाड समूळ उपटून नष्ट करणे हाच मार्ग आहे. हा रोग मावा या किडीमार्फत पसरतो. त्यामुळे बागेत व आसपास काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची टाळावी व तणांचा बंदोबस्त करावा. कंदकुजीसारखे रोग हत्यारांबरोबरही पसरतात. म्हणून रोगट झाडास लावलेला विळा निर्जंतुक केल्याविना दुसऱ्या झाडास लावू नये.

रोपे घेतानाही दक्षता हवी. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली असून तीत रोपांची विषाणू-तपासणी होते. प्रमाणित रोपांचाच आग्रह धरावा व पावती जपून ठेवावी.

गाव आणि शाळा

मावा बांध ओळखत नाही. एकाने रोगट झाडे उपटली आणि शेजाऱ्याने ती राखली, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. ग्रामपंचायतीने लागवडीच्या हंगामात शिवारफेरी काढून, कृषी सहायकांच्या मदतीने रोगट झाडे एकाच वेळी नष्ट करण्याचे ठरविले तर साऱ्या गावाचा लाभ होईल.

शिक्षकांना हाच पाठ वर्गात देता येईल. कापलेले पील उभे चिरून आतील कोंब विद्यार्थ्यांस दाखवावा. खिडकीजवळ वा दिव्याखाली तुरीच्या दोन कुंड्या ठेवून एकीतील रोपाचा शेंडा खुडावा आणि दोन्हींतील फांद्या दर आठवड्यास मोजावयास लावाव्यात. ज्या मुलाने हा फरक स्वतः मोजला, तो उद्या बागेत विळा उचलण्यापूर्वी काय राखावयाचे याचा प्रथम विचार करील.