दोन उत्तरी विमानतळांमधील अंतर व उड्डाणाचा काळ

कॅनडातील नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइट बॅफिन बेटावर आहे. ग्रीनलंडची राजधानी नूक डेव्हिस सामुद्रधुनीच्या पलीकडे आहे. यांपैकी एकही नगर बाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही नगराशी रस्त्याने जोडलेले नाही. इकालुइटचा उपसागर तर हिवाळ्यात गोठून जातो. अशा ठिकाणी रोगी, टपाल व ताजे अन्न यांची ने-आण बहुतांशी विमानावरच अवलंबून असते. म्हणून येथे अंतराचा व वेळेचा हिशेब अचूक असणे अत्यंत आवश्यक ठरते.

प्रथम अंतराचा विचार करू. दोन्ही नगरे सुमारे ६४ उत्तर अक्षांशावर असून त्यांच्या रेखांशांत सुमारे १६.९ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी सुमारे १११ किलोमीटर असते. या मापाने गुणाकार केल्यास अंतर सुमारे १,८८० किलोमीटर येईल. परंतु हे उत्तर चूक होय. रेखांशवृत्ते ध्रुवाकडे जाताना परस्परांच्या जवळ येत जातात. ६४ अक्षांशावर त्यांच्यातील रुंदी एका अंशास अवघी ४९ किलोमीटर उरते. त्यामुळे खरे अंतर सुमारे ८२० किलोमीटरच भरते. मर्केटरच्या नकाशात मात्र सर्व रेखांशवृत्ते समांतर काढलेली असल्याने ते सव्वादोन पटींहून अधिक भासते.

आता वेळ पाहू. समजा, पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाते. वारा नसेल, तर त्याला सुमारे १ तास ३८ मिनिटे लागतील. समोरून ताशी ८० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर जमिनीच्या संदर्भात वेग ४२० उरेल आणि १ तास ५७ मिनिटे लागतील. परतताना तोच वारा पाठीमागून येईल. वेग ५८० होऊन १ तास २५ मिनिटे पुरतील. जाण्यायेण्याची बेरीज ३ तास २२ मिनिटे होते; वारा नसता तर ती ३ तास १७ मिनिटे झाली असती. विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ राहते, म्हणून परतीच्या वाटेवर नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही. चढण्या-उतरण्यास लागणारा अधिक वेळ यात धरलेला नाही.

घड्याळाची गोष्ट याहून निराळी आहे. वर्षाच्या बहुतेक काळात नूकची वेळ इकालुइटच्या ३ तास पुढे असते. नूकहून दुपारी १२ वाजता निघालेले विमान २ तासांनी इकालुइटला पोहोचले, तर तेथे सकाळचे ११ वाजलेले असतात! म्हणून उड्डाणाचा काळ काढताना दोन्ही वेळा एकाच प्रमाणवेळेत मांडाव्या लागतात.

वैमानिकाचा हिशेब येथेच संपत नाही. धुक्यामुळे नूकला उतरता आले नाही, तर उत्तरेकडील कांगेरलुसुआक विमानतळ आणखी सुमारे ३१५ किलोमीटर दूर आहे. तेवढे इंधन व त्यावर राखीव साठा निघतानाच विमानात असावा लागतो. कारण मध्ये केवळ समुद्र, हिम आणि खडक आहेत.