पाइपलाइनच्या हिशेबात मापांची गफलत कशी टाळावी

विहिरीचे पाणी शेतापर्यंत नेण्यासाठी पाइपलाइन टाकणे हे खर्चाचे काम आहे. चर बुजविल्यानंतर चूक उमगल्यास तो खर्च पुन्हा करावा लागतो. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. तथापि आजही विहीर फुटांनी मोजली जाते, पाइप इंचांनी मागितला जातो आणि पंपावरील पट्टीवर मीटर लिहिलेले असतात. पुष्कळशा चुका या सरमिसळीतून उद्भवतात.

१. फूट व इंच : ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे, तर ५.५ फूट होत. प्रथम इंचांस १२ ने भागून ते फुटांत मिळवावे. मग ०.३०४८ ने गुणले असता मीटर मिळतात.

२. व्यास : १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. या हिशेबाने तीन इंच म्हणजे ७६.२ मि.मी.; म्हणून शेतकरी ७५ मि.मी. चा पीव्हीसी पाइप घेतो. येथे गुणाकार बरोबर असूनही निवड चुकते. तीन इंची लोखंडी पाइपाचे नाव आतील पोकळीवरून पडले असून ती सुमारे ८० मि.मी. असते. पीव्हीसी पाइपावरील आकडा मात्र बाहेरील व्यासाचा असतो. ७५ मि.मी. पाइपाची पोकळी सुमारे ७० मि.मी. भरते. पाण्याची वाट व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती जवळजवळ चतुर्थांशाने कमी होते व घर्षण वाढते. अशा ठिकाणी ९० मि.मी. चा पाइप घ्यावा.

३. लांबी : ६ मीटरचा पाइप २० फुटांचा समजला जातो, वस्तुतः तो १९.७ फुटांचा असतो. १,२०० फूट अंतरास ६० पाइप पुरतील असे वाटते. परंतु हे अंतर ३६५.८ मीटर असल्याने ६१ लागतात. सांध्यात जाणारी लांबी निराळी धरावी.

४. दाब : ‘४ किलो’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम, अर्थात सुमारे ४० मीटर उंच पाण्याचा दाब. चढ व घर्षण मिळून १५० फूट होत असल्यास ते ४५.७ मीटर भरतात. तेथे ४ किलोचा पाइप फुटण्याचा संभव असतो. ६ किलोचा घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस हिशेब करून देताना सर्व मापे आरंभीच मीटरमध्ये आणावीत, प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहावे आणि खरेदीपूर्वी तो हिशेब दुसऱ्याकडून तपासून घ्यावा.