मिररलेस कॅमेऱ्यासाठी अन्य कंपनीच्या लेन्सची निवड

प्रसिद्धीच्या कामात छायाचित्र हा घटनेचा पुरावा असतो. पुराने वेढलेली वस्ती असो वा शाळेतील पारितोषिक वितरण, तो क्षण पुन्हा येत नाही. ऐन वेळी लेन्सने कॅमेऱ्याची आज्ञा पाळली नाही, तर तो कायमचा हातून जातो. मिररलेस, म्हणजेच आरसा नसलेले कॅमेरे आता रूढ झाले आहेत. कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीच्या लेन्स महाग पडत असल्याने सिग्मा, टॅमरॉन यांसारख्या अन्य कंपन्यांच्या लेन्सकडे अनेकांचा ओढा असतो. हा ओढा रास्तच आहे. मात्र, लेन्स कॅमेऱ्यावर बसली म्हणजे ती त्याच्याशी जुळली, असे समजणे चुकीचे ठरेल.

पहिली बाब माउंटची. लेन्स ज्या धातूच्या कड्याने कॅमेऱ्यात अडकते, ते कडे म्हणजे माउंट होय. माउंटपासून संवेदकापर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. निकॉनच्या झेड माउंटमध्ये ते १६ मि.मी., सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मि.मी. आणि कॅननच्या आरएफ माउंटमध्ये २० मि.मी. आहे. आरशाला जागा लागत असल्याने जुन्या निकॉन एफ माउंटमध्ये हेच अंतर ४६.५ मि.मी. असते. म्हणून अडॅप्टरने मधले अंतर भरून काढून जुनी लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर वापरता येते. तथापि, अंतर भरले म्हणजे सर्व क्रिया चालतातच असे नाही. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे ज्या जुन्या लेन्स कॅमेऱ्यातील मोटरवर अवलंबून असत, त्यांचा फोकस हातानेच साधावा लागतो.

दुसरी बाब संवेदकाच्या आकाराची. फुल फ्रेम संवेदक ३६ × २४ मि.मी., तर एपीएस-सी संवेदक साधारणतः २३.५ × १५.६ मि.मी. असतो. लहान संवेदकासाठी घडविलेली लेन्स मोठ्या संवेदकावर लावल्यास चित्राचे कोपरे काळे पडतात किंवा कॅमेरा केवळ मधला भाग वापरतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र मग सुमारे १० मेगापिक्सेलवर येते. यासाठी लेन्सवरील अक्षरे वाचावीत. सिग्माच्या लेन्सवर ‘डीजी’ म्हणजे फुल फ्रेम, ‘डीसी’ म्हणजे लहान संवेदक व ‘डीएन’ म्हणजे मिररलेससाठी रचना असा अर्थ होतो. टॅमरॉनमध्ये मिररलेससाठी ‘डीआय थ्री’ ही खूण असून, तिच्यापुढे ‘ए’ असल्यास ती लेन्स एपीएस-सी संवेदकासाठी असते.

तिसरी बाब कॅमेरा व लेन्स यांच्यातील विद्युत संवादाची. फोकस, झडप आणि कंपनरोधन यांच्या आज्ञा माउंटवरील संपर्कबिंदूंतून जातात. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती अन्य उत्पादकांस खुली केली. म्हणूनच त्या माउंटसाठी लेन्सची विपुलता आहे. याउलट, कॅननच्या परवान्याने आरएफ माउंटसाठी सिग्मा व टॅमरॉन यांच्या स्वयंचलित फोकसच्या लेन्स एप्रिल २०२४ मध्ये प्रथम जाहीर झाल्या आणि त्याही लहान संवेदकासाठी होत्या. खुल्या माउंटवरही काही मर्यादा उरतात. सोनीच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांवर अन्य कंपन्यांच्या लेन्स लावल्यास सलग चित्रणाचा वेग सेकंदाला १५ चित्रांपर्यंतच राहतो. सभासमारंभास हा वेग पुरेसा आहे; क्रीडास्पर्धेच्या छायाचित्रकाराने मात्र तो ध्यानी घ्यावा. संपर्कबिंदू नसलेली लेन्स घेतल्यास कॅमेऱ्यात ‘लेन्सविना शटर’ ही सोय चालू करावी लागते आणि कंपनरोधनासाठी नाभीय अंतर स्वतः नोंदवावे लागते.

खरेदीच्या मागणीपत्रात केवळ ‘झूम लेन्स’ असे लिहून भागत नाही. कॅमेऱ्याचे पूर्ण मॉडेल, माउंट व संवेदकाचा आकार या तिन्ही गोष्टी त्यात नमूद कराव्यात. लेन्समधील फर्मवेअर, म्हणजे तिची अंतर्गत आज्ञावली, कशी अद्ययावत करता येते, हेही विक्रेत्यास विचारावे. कॅमेऱ्याची आज्ञावली बदलल्यानंतर जुळणीत दोष उद्भवल्यास हाच उपाय कामी येतो. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी माउंटपाशी पाणी व धूळ रोखणारी रबरी कडी आहे की नाही, हेही पाहावे.

शेवटची परीक्षा स्वतःच्याच कॅमेऱ्यावर घ्यावी. मंद प्रकाशाच्या सभागृहात चालत येणाऱ्या व्यक्तीची सलग चित्रे घ्यावीत. झडप पूर्ण उघडून भिंतीचे चित्र घ्यावे व कोपरे तपासावेत. चलच्चित्र घेऊन मोटरचा आवाज ऐकावा. लेन्स परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच हे सारे उरकावे. घरी केलेली ही तासाभराची तपासणी पुढे समारंभातील मोलाचा क्षण वाचविते. स्वस्त लेन्स ही खरी काटकसर ठरली की नाही, याचा निर्णय त्या क्षणीच होत असतो.