कॉलेजची मान्यता : शिक्का कोणाचा आणि कशासाठी?

कापडाच्या ताग्यावर किती शिक्के असतात हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगायला नको. गिरणीचे नाव एका जागी, मीटर दुसऱ्या जागी, सूत कोणते ते तिसऱ्या जागी. मीटर बरोबर भरले म्हणून सूत चांगले ठरत नाही, हे आम्ही रोज पाहतो. पण हाच पारखी व्यापारी मुलाच्या प्रवेशासाठी कॉलेजात जातो तेव्हा पाटीवरचा 'शासनमान्य' हा एकच शब्द वाचतो आणि फी भरून मोकळा होतो. मान्यता कोणी दिली, कोणत्या अभ्यासक्रमाला दिली, किती वर्षांसाठी दिली, हे विचारीत नाही. खराब माल परत करता येतो. मुलाची गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून मान्यतेच्या चार पायऱ्या येथे मांडत आहोत.

पहिली पायरी : पदवी देण्याचा अधिकार

विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी तिघांनाच देता येते : संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने झालेले विद्यापीठ, कलम ३ खाली केंद्र सरकारने जाहीर केलेले अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. ट्रस्टची नोंदणी किंवा आय.एस.ओ. प्रमाणपत्र यांनी हा अधिकार मिळत नाही. गुमास्ता लायसन्स काढले म्हणून औषधे विकता येतात काय? तसेच हे आहे.

आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. मात्र १९५६ च्या या कायद्यात अशांना दंड सांगितला आहे तो फार तर एक हजार रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार? तेव्हा पारख आपणच करायची आहे.

कायद्याचा आधार सांगितला तरी तो टिकणारा आहे काय, हेही पाहावे. छत्तीसगडमध्ये २००२ च्या एका कायद्याखाली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे निघाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी त्या कायद्याची मुख्य कलमेच रद्द केली.

दुसरी पायरी : संलग्नता

साधारण कॉलेज स्वतः पदवी देत नाही. पदवी विद्यापीठाची असते. भिवंडीचे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी, मालेगावचे पुणे विद्यापीठाशी, इचलकरंजीचे शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले असते. ही जोडणी अभ्यासक्रमवार असते. बी.ए.ला संलग्नता आहे म्हणून त्याच इमारतीत सुरू केलेल्या नव्या कोर्सला ती आपोआप लागू होत नाही. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पण पदवी तेथेही विद्यापीठाचीच.

तिसरी पायरी : धंद्याच्या परिषदेची मंजुरी

ही पायरी आमच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रोजगाराचा परवाना येथे अडतो. वकिलीला बार कौन्सिल, बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, इंजिनिअरिंगला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, फार्मसीला भारतीय फार्मसी परिषद.

मेडिकल स्टोअर हा आमच्या समाजात वाढत असलेला धंदा आहे. दुकान नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच चालवावे लागते. नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते आणि त्यासाठी कोर्स १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली मंजूर असावा लागतो. ती मंजुरी नसेल तर हाती कागद येतो, पण नोंदणी होत नाही आणि दुकानाचे शटर उघडत नाही.

संस्था खरी, पण कोर्स विनामंजुरी, असेही घडते. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरीशिवाय पत्राने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या फेरपरीक्षेपर्यंत स्थगित केल्या आणि त्यानंतरच्या सरळ रद्द ठरविल्या. विद्यापीठ बोगस नव्हते, तरी नोकरीत असलेल्यांची पदवी गेली.

चौथी पायरी : दर्जा

नॅक ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिचे कार्यालय बंगळूरला आहे. ती कॉलेजला ए प्लस प्लसपासून सी पर्यंत श्रेणी देत आली. डी म्हणजे मानांकन नाही. श्रेणीऐवजी फक्त 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' एवढेच सांगण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर झाला. इंजिनिअरिंगसारख्या एकेका कोर्सचा दर्जा एन.बी.ए. तपासते. हे सारे दर्जाचे शेरे आहेत, परवाने नव्हेत. नॅक नसलेल्या संलग्न कॉलेजची पदवी चालते. पण नॅकची उत्तम श्रेणी विनामंजुरी कोर्सला वाचवू शकत नाही. मानांकनाला मुदत असते, तीही वाचावी.

मदरशाच्या पदव्या

मालेगाव-भिवंडीत उत्तर प्रदेशातून आलेली घराणी बरीच आहेत, म्हणून तेथील निकाल लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा कायदा वैध ठरविला. मात्र पदवी आणि पदव्युत्तर मानल्या जाणाऱ्या कामिल व फाजिल यांच्या तरतुदी आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केल्या. हा प्रश्न इल्मचा नव्हता, पदवी देण्याच्या अधिकाराचा होता. मदरशात शिकलेल्या मुलांना पुढे जायचे असेल तर संसदेच्या कायद्याने झालेले हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स चालविते.

फी भरण्यापूर्वी

१) पदवीवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, ते विचारावे आणि आयोगाच्या यादीत पाहावे.
२) आपल्याच कोर्सचे, चालू वर्षाचे संलग्नतापत्र पाहावे. 'अर्ज केला आहे' म्हणजे मंजुरी नव्हे.
३) परिषदेची मंजुरी परिषदेच्याच वेबसाइटवर तपासावी, भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नये.
४) पावती संस्थेच्या नावाची घ्यावी आणि प्रवेशानंतर विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मिळाला की नाही, ते पाहावे.

आखातात जाणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. कागदपत्रांवर राज्याचा व परराष्ट्र खात्याचा शिक्का बसतो तो कागद खरा आहे एवढेच सांगतो. कोर्सला मंजुरी मिळवून देत नाही.

दोन दिवस चौकशीत गेले तर धंद्याचे फार नुकसान होत नाही. उधारीवर माल देताना आपण पार्टीची चौकशी चार ठिकाणी करतो. मुलगा किंवा मुलगी ज्यांच्या हवाली करायची, त्यांची चौकशी त्याहून कमी होऊ नये.