शेजाऱ्याचा सल्ला : विचारावा कसा, पारखावा कसा?



शेतीत अडचण आली की आपण प्रथम कोणाकडे जातो? बहुतेक वेळा बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याकडे, भावकीतल्या जाणत्या माणसाकडे किंवा बाजाराच्या दिवशी भेटणाऱ्या सोयऱ्याकडे. हा सल्ला फुकट मिळतो, आपल्या भाषेत मिळतो आणि देणाऱ्याने तो स्वतःच्या रानात अनुभवलेला असतो. म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु अर्धवट विचारलेला, न पारखता स्वीकारलेला किंवा चुकीच्या वेळी ऐकलेला सल्ला पीकच नव्हे तर जीवही धोक्यात घालू शकतो. यासाठी पुढील बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे.

एकमेकांपासून शिकण्याची पद्धत

शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून शिकावे या विचारावर शेतीशाळेची पद्धत उभी आहे. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी मोठे नुकसान केल्यानंतर १९८९ मध्ये अशा शाळा सुरू झाल्या. सुमारे २५ शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला शेतात जमतो, झाडे तपासतो, किडी व मित्रकीटक मोजतो आणि मग काय करायचे ते चर्चेने ठरवतो. आपल्या राज्यातही कृषी विभागामार्फत शेतीशाळा घेतल्या जातात. या पद्धतीचे मर्म एकच आहे : आधी पाहावे, मोजावे आणि नंतर बोलावे.

प्रश्न पूर्ण विचारावा

"कपाशीवर अळी आहे, काय मारू?" या प्रश्नाला नेमके उत्तर मिळत नाही. समोरचा माणूस स्वतःच्या शेतात जे मारले तेच सांगणार. त्याऐवजी असे सांगावे : "कपाशी ९० दिवसांची आहे, जमीन भारी आहे. रानात फिरून २० हिरवी बोंडे फोडली, त्यांपैकी २ बोंडांत गुलाबी अळी निघाली. मागची फवारणी १२ दिवसांपूर्वी झाली." प्रश्न असा मांडला की प्रादुर्भाव १० टक्क्यांवर, म्हणजे उपाय करण्याच्या पातळीवर आला आहे, हे दोघांनाही कळते. सल्ला विचारताना पुढील चार गोष्टी अवश्य सांगाव्यात.

१. पीक, वाण आणि पिकाचे वय.
२. जमिनीचा प्रकार व पाण्याची सोय.
३. प्रत्यक्ष काय दिसले आणि ते किती झाडांवर दिसले.
४. आतापर्यंत काय वापरले, किती आणि केव्हा.

सल्ला पारखून घ्यावा

सल्ला देणाऱ्यालाही उलट विचारावे : "हे तुम्ही स्वतः केले का? कोणत्या पिकात? कोणत्या जमिनीत?" हलक्या मुरमाड रानातील पाण्याची पाळी भारी काळ्या रानाला लागू पडत नाही. ज्वारीत किंवा उसात २,४-डी हे तणनाशक वापरून तण गेले म्हणून ते कपाशीत चालेल असे नाही. कपाशी या तणनाशकाला अतिशय संवेदनशील आहे. ज्या पंपाने २,४-डी फवारले तो नीट न धुता कपाशीसाठी वापरला, तरी पाने अरुंद व लांबट होऊन पिकाची वाढ बिघडते. येथे सल्ला खरा असतो, पण तो दुसऱ्या पिकाचा असतो.

नवी गोष्ट प्रथम एक-दोन गुंठ्यांवर करून पाहावी. शेजारीच तेवढाच पट्टा नेहमीच्या पद्धतीने ठेवावा. दोन्हींचा खर्च व उत्पन्न वहीत लिहावे. त्यातून मिळालेले उत्तर तुमच्या जमिनीचे असेल. रासायनिक औषधाच्या बाबतीत मात्र लेबलवर जे पीक, जी मात्रा व जो काढणीपूर्व कालावधी छापला आहे तोच पाळावा. या बाबतीत शेजाऱ्याच्या शब्दावर बदल करू नये.

आरोग्याच्या बाबतीत थांबू नये

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी उंच व दाट वाढलेली होती, अनेक ठिकाणी औषधांची मिश्रणे फवारली गेली आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, खूप घाम व लाळ सुटणे, अंधुक दिसणे, छातीत दाटल्यासारखे होणे, स्नायू फडफडणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. सुरुवातीला ती उन्हाच्या त्रासासारखी वाटतात. "ऊन लागले असेल, लिंबू सरबत घे, घटकाभर पड," असा सल्ला आपुलकीनेच दिला जातो, पण त्यात उपचाराची वेळ निघून जाते. अशा वेळी सोबत्यांनी पुढीलप्रमाणे करावे.

१. माणसाला ताबडतोब शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे.
२. औषधाने भिजलेले कपडे काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे.
३. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओकारी काढू नये. दूध, ताक, तूप पाजू नये.
४. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर झोपवावे.
५. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावे, कारण कोणते विष आहे त्यावर उपचार ठरतो.

औषध विकत घेतानाच डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे. हिरवा त्रिकोण असला तरी काळजी घ्यावीच.

घरची कामे व मनावरचा भार

घरातील व शेतातील कष्टांची चर्चा पुरुषांच्या बैठकीत क्वचितच होते. खुरपणी व वेचणीने कंबर धरते, काढणीत हात सोलतात, तरी भगिनी ते अंगावर काढतात. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर या विषयासाठी थोडा वेळ ठेवावा. कापणीसाठी दातेरी वैभव विळा, कमरेला बांधायची वेचणीची झोळी, उभ्याने चालवायचे सायकल कोळपे यांपैकी काय कोणाला सोयीचे झाले, हे वापरणाऱ्या बाईइतके चांगले दुसरे कोणी सांगू शकत नाही. दुखणे मात्र आठवड्यापेक्षा जास्त राहिले तर दवाखाना गाठावा.

कर्ज, नापिकी, घरातील लग्न किंवा आजारपण यांचा भार मनावर येतो, तेव्हा माणूस नेमका बोलायचा थांबतो. सोबती बैठकीला येईनासा झाला, झोप-जेवण तुटले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे, उपदेश न करता ऐकावे, त्याला एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत. मानसिक आरोग्यासाठी शासनाची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. कुटुंबातील माणसानेही फोन करून विचारले तरी चालते.

येत्या हंगामासाठी

आपल्या शिवारातील आठ-दहा शेतकऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस ठरवून एकेकाच्या शेतात जमावे. पीक पाहून झाल्यावर प्रत्येकाने एक अडचण सांगावी, मग ती शेताची असो, अंगाची असो की घराची. सांगितलेला सल्ला व त्याचा परिणाम एका वहीत लिहावा. जे गटात सुटत नाही त्यासाठी सहायक कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर विचारणा करावी. ज्याच्या शेतात पीक उत्तम आहे त्यानेही आपली अडचण सांगावी, म्हणजे ज्याचे बिघडले आहे त्याला बोलताना संकोच वाटणार नाही.