बाऊ न करणारे आजोबा

प्रश्न : परवा स्कूटरवरून पडलो, गुडघा फुटला. घरी येऊन ‘काही नाही, जरा खरचटलंय’ एवढंच म्हणालो. इंग्रजी शाळेत शिकणारी नात म्हणाली, आजोबांनी ‘डाउनप्ले’ केलं. मराठीत सांग म्हटल्यावर तिनं ‘हलक्यात घेतलं’ असं सांगितलं. ‘हे हिंदी झालं’, असा सौ.चा शेरा. मी ‘क्षुल्लक लेखलं’ सुचवलं, तर दोघी हसल्या. डाउनप्ले, बिलिटल, मिनिमाइझ, ट्रिव्हियलाइझ... इंग्रजीत एवढी क्रियापदं आहेत. मराठीत नेमका शब्द कोणता?
– एक वाचक, सेक्टर २, भिलाई

उत्तर : आधी नातीचं वाक्य पुरं करू या : ‘आजोबांनी लागल्याचा बाऊ केला नाही.’ बाऊ हा मुळात बालभाषेतला शब्द. पोराला खरचटलं तरी ‘बाऊ झाला’ आणि त्याला भीती घालायची तरी ‘बाऊ येईल’. आपल्याकडे गोष्ट फुगवण्यासाठी शब्दांची चंगळ आहे : बाऊ करणे, स्तोम माजवणे, गाजावाजा करणे, राईचा पर्वत करणे. त्यातल्या एखाद्याला ‘नाही’ जोडलं की काम होतं.

सौ.चं म्हणणंही बरोबर आहे. ‘हलक्यात घेणे’ हे ‘हल्के में लेना’ या हिंदी प्रयोगाचं मराठी रूप. भिलाईत दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होते, त्यामुळे तुमच्या घरी ते आलं यात नवल नाही. महाराष्ट्रातही ते आता घरचंच झालंय. ‘मला हलक्यात घेऊ नका’ हा एकनाथ शिंदे यांचा इशारा २०२५मध्ये गाजला, तेव्हा तो कुणाला परका वाटला नाही. इथं अडचण वेगळी आहे. हलक्यात घेणारा मनातच चुकीचा अंदाज करतो. तुम्हाला किती दुखतंय ते पक्कं ठाऊक होतं, फक्त घरच्यांना ते कळू द्यायचं नव्हतं.

आता इंग्रजी मंडळींकडे वळू. त्यातली बरीचशी आकारावरून आलेली. ‘बिलिटल’मध्ये ‘लिटल’ म्हणजे लहान हा शब्द उघड दिसतो. त्याचा पहिला ज्ञात वापर थॉमस जेफरसन यांचा, १७८०च्या दशकातला. अमेरिकेतले प्राणी युरोपातल्यांपेक्षा खुजे असतात, असं ब्युफॉन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं मत होतं. ते खोडून काढताना जेफरसननी हा शब्द योजला आणि लंडनच्या एका समीक्षकाने त्याची खिल्ली उडवली. पुढे जेफरसननी मूस या अवाढव्य हरणाचं धूडच पॅरिसला मागवून घेतलं. ‘मिनिमाइझ’ जेरेमी बेंथम या विचारवंताच्या लेखणीतून आला. ‘ट्रिव्हियल’च्या मुळाशी लॅटिनमधली तीन रस्ते मिळतात ती जागा आहे. कोल्हापूरकर तिला तिकटी म्हणतील. तिकटीवरच्या गप्पांना जी किंमत, ती एखाद्या गोष्टीला देणं म्हणजे ‘ट्रिव्हियलाइझ’. याच अर्थाचा ‘सॉफ्ट-पेडल’ पियानोतून आला. डावं पेडल दाबलं की सूर तेच राहतात, आवाज तेवढा मवाळ होतो.

मराठी शब्दांची घराणी निराळी. एक हिशेबाच्या वहीतलं. लेखणे म्हणजे गणणे. म्हणून कमी लेखणे, तुच्छ लेखणे, नगण्य ठरवणे, खिजगणतीत न धरणे. हे शब्द बहुधा दुसऱ्याची किंमत करताना वापरतात. तुम्ही स्वतःच्याच गुडघ्याला क्षुल्लक लेखलंत, म्हणून दोघींना हसू आलं. दुसरं घराणं घरकामातलं : पांघरूण घालणे, झाकपाक करणे, सारवासारव करणे. ज्यांच्या घरी शेणानं सारवलेली जमीन होती त्यांना आठवेल, ओली असताना ती एकसारखी दिसते आणि वाळली की भेगा पुन्हा तोंड वर काढतात. शब्दातली सारवासारवही तितकीच टिकते.

इंग्रजीतल्या ‘डाउनप्ले’ला कर्ता कुणीही चालतो. सोसणारा, लपवणारा, जबाबदारी टाळणारा, सगळ्यांना तेच क्रियापद. मराठीत बोलणाऱ्याला आधी बाजू घ्यावी लागते. समजा, एखाद्या कारखान्यात कामगाराचा हात भाजला. तो ‘काही नाही’ म्हणाला, तर त्यानं बाऊ केला नाही. औषध न लावता पाळी पुरी केली, तर दुखणं अंगावर काढलं. मुकादमानं ‘एवढ्याशा फोडाचं काय?’ म्हटलं, तर त्यानं ते किरकोळीत काढलं. अहवालात कुणी ‘किंचित इजा’ लिहिलं, तर त्यानं सारवासारव केली. भाजलेला हात एकच, पण पहिल्या वाक्यात कौतुक आहे, दुसऱ्यात काळजी आणि शेवटच्या दोहोंत ठपका. म्हणून तुम्हाला हवा असलेला एकच नेमका शब्द मराठीत नाही, आणि त्याची मला खंत नाही.

बाजू चुकली की काय होतं, ते ‘खारीचा वाटा’ या प्रयोगात पाहा. ‘या कामात माझा खारीचा वाटा’ हा विनय. पण सत्काराच्या भाषणात वक्ता उत्सवमूर्तीकडे हात करून ‘यांचाही खारीचा वाटा आहे’ म्हणाला की शाल-श्रीफळ देता देता पाणउतारा होतो. स्वतःला लहान म्हणायचा हक्क ज्याचा त्याला असतो, तो दुसऱ्यानं वापरायचा नसतो.

तेव्हा नातीच्या वहीत ‘बाऊ केला नाही’ असं लिहू द्या. फक्त सौ.ला पुढच्या आठवड्यात ‘अंगावर काढलं’ म्हणायची वेळ येऊ देऊ नका. गुडघा डॉक्टरांना दाखवून या.