आत ठेवलेली माया

ब्लाउज शिवताना बाजूच्या शिलाईत आतून थोडं कापड जास्तीचं सोडतात. त्याला आम्ही शिवणारे लोक माया म्हणतो. नव्या नवरीचा ब्लाउज असला की मी न विचारता दोन्हीकडं इंचभर माया जास्त ठेवते. वरूडला त्रेचाळीस वर्षं पायडलची मशीन चालवून राहिली आहे, आणि एवढ्या वर्षांत शिलाई आत घ्यायला आलेल्या बाया मोजल्या तर एका हाताच्या बोटांवर होतील. बाकी सगळ्या उसवायला.

उसवायला मात्र बाई सहसा स्वतः येत नाही. लेकराच्या हाती पिशवी येते. पोट्टं दारातूनच सांगतं, "मावशी, मायनं धाडलं. दोन्ही बाजूनं सोडून द्या म्हणे." मापाला ये म्हटलं तर निरोप येतो, मागच्याच मापाहून अंदाजानं करा. मी काय ते समजते. माझ्या मापाच्या वहीत तिचं सगळं लिहिलेलं असतं : लग्नात 32, पहिल्या बाळंतपणानंतर 36, मग 38. तिला त्या वहीचीच लाज वाटते.

ब्लाउज उसवला की आतलं कापड गडद निघतं, कारण त्याला ऊन लागलेलं नसतं. आणि जुन्या शिलाईच्या जागी सुईच्या छिद्रांची एक ओळ राहते. ती कितीही इस्त्री केली तरी पुरती जात नाही. नेसल्यावर ती पदराखाली, काखेजवळ असते. जगात कोणाला दिसत नाही, पण बाई घालताना रोज पाहते.

माझ्याही ब्लाउजांवर ती ओळ आहे, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे.

2018 च्या सुमारास आमच्याकडं घरोघरी दीक्षित डाएट सुरू झालं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, म्हणजे आमच्या शेजारच्या काटोलकडच्याच माणसाचा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो पुढं गावोगाव नेला. दिवसातून दोनदाच खायचं, पंचावन्न मिनिटांच्या आत उरकायचं, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. त्याच वेळी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणत होत्या. दोन्हीकडचे लोक पेपरातून असे भांडले की बस. ते भांडण मला सोडवता आलं नाही, आजही येत नाही. मला दोनदाचं जमलं, कारण मशीनवर बसलं की माझ्याच्यानं उठणं होत नाही. नऊ किलो उतरले. कोपऱ्यावरची एक वहिनी रोज पहाटे हाक मारायची, आम्ही दोघी मोर्शी रोडनं चालायचो. मी माझे सगळे ब्लाउज हौसेनं आत घेतले आणि, मूर्खासारखी, मायाही कापून टाकली.

मग 2020 चं साल आलं, लॉकडाऊन लागलं. चालणं बंद, सगळे घरात, दुपारी चारला कढईत आलुबोंडे. वर्षभरात नवाचे अकरा होऊन परत आले. ब्लाउज उसवावे तर आत माया नाही.

बंदी उठल्यावर वहिनीनं दोनदा हाक मारली. मी आतूनच, अंगात कणकण आहे म्हटलं. नंतर तर बाजाराला जाताना तिच्या घरावरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीनं जायची. असं सात-आठ महिने केलं. सत्तरीला टेकलेली बाई मी, चोरासारखी गल्लीबोळातून फिरत होते, तेही स्वतःच्याच पोटापायी!

एका दुपारी तीच दारात उभी. हातात पिशवी. पिशवीत तीन ब्लाउज.

"उसवून दे वं," ती म्हणाली. "मी समजत होती तू बारीकच राहिली असशीन. म्हणून तुह्या दारात याची हिंमत होत नव्हती."

दोघी हसलो, मग थोडं रडलो, मग चहा केला. चहात साखर घातली की नाही ते सांगत नाही.

तेव्हापासून जी कोणी उसवायला येते तिला मी पहिली गोष्ट हीच सांगते, की तुझं आजचं खरं माप एका माणसाला सांग. सगळ्यांना सांगायची गरज नाही, स्टेटसला तर मुळीच टाकू नको. एकालाच, पण खरं सांग, आणि जो ऐकल्यावर "अरे बापरे" म्हणणार नाही असा माणूस पाहून सांग. नवरा तसा असेल तर नशीब. बहुतेक वेळा तो चांगला असतो पण थट्टेखोर असतो, आणि थट्टा या कामी विषासारखी. बहीण चालते, शेजारीण चालते. आपल्यासारखीच घसरलेली कोणी असली तर सगळ्यात बरी, कारण तिला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं, जुन्या मापाची याद सोडायची. पुष्कळ जणी म्हणतात, मी 62 किलोची होती, तिथंच जायचं आहे. अगं, आज तू 80 ची आहेस ना, मग 80 पासून मोज. माझी पुतणी नर्स आहे. ती सांगते की वजनाचा विसावा हिस्सा जरी उतरला तरी साखरेला आणि बीपीला फरक पडतो. ऐंशीचा विसावा हिस्सा चार किलो. चार किलो ऐकलं की बाईच्या चेहऱ्यावर थोडा जीव येतो. अठरा किलो ऐकलं की ती घरी जाऊन पोळ्यांचा डबा उघडते.

तिनंच आणखी एक सांगितलं, आणि ते ऐकून माझ्या मनावरचं निम्मं ओझं गेलं. वजन उतरलं की शरीर घाबरतं. भूक वाढवणारा रस जास्त सोडतं, पोट भरल्याची खबर उशिरा देतं. मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2011 साली हे मोजून पाहिलं होतं, तर वजन उतरवल्यावर वर्ष झालं तरी ती जास्तीची भूक लोकांच्या अंगात होतीच. म्हणजे परत वाढलं ते निव्वळ माझ्या जिभेच्या चोचल्यांनी नव्हे. जीभ निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, अमरावतीचा गिला वडा समोर आला की माझा काय भरवसा. पण सगळा गुन्हा तिच्या माथी नको.

माप कशानं घ्यायचं? रोज वजनकाट्यावर चढू नको. पाणी प्यायलं तरी काटा हलतो आणि दिवस खराब होतो. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी उठल्यावर चढ. आणि महिन्यातून एकदा टेप लाव. शेवटची फासळी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या वर गेलं की डॉक्टर सावध व्हा म्हणतात. पुरुषांना 90. ते साडेपस्तीस इंच होतात. पुरुष मंडळी हे वाचत असतील तर पँट पोटाखाली बांधून तिचा नंबर सांगू नका. शिंप्याला सगळं समजतं.

परकराच्या नाडीवर आणि गाऊनवर विश्वास ठेवायचा नाही. नाडी पाहिजे तेवढी सैल होते, कधी तक्रार करत नाही, आणि गाऊनमध्ये तर दहा किलो बिनबोभाट मावतात. म्हणून मी सांगते, अंगाला बसणारा एक जुना ब्लाउज कपाटात हाताशी ठेव. तो दर महिन्याला घालून पाहा. त्याची बटणं लागली नाहीत तर लागली नाहीत, घडी करून परत ठेव. फेकून मात्र देऊ नको.

आता लोकांच्या बोलण्याचं. हळदीकुंकवात, लग्नात कोणीतरी म्हणणारच, "काय वं, लयच फुगली तू!" आमच्या वऱ्हाडात हे प्रेमानंही म्हणतात, ही पंचाईत आहे. यावर थायरॉईड, गोळ्या, बाळंतपण असं सगळं सांगत बसायचं नाही. खरं असलं तरी नाही. "हो, वाढलं. कमी करून राहिली," एवढं म्हणून तिलाच विचारायचं, "तुह्या संत्र्याले भाव काय लागला औंदा?" वरूडात या प्रश्नापुढं दुसरा कोणताही विषय टिकत नाही. स्टेशनचं नावच वरूड ऑरेंज सिटी आहे आमच्या, तिथं वजनाला कोण विचारतं.

संत्र्याचं निघालं म्हणून सांगते. बहार धरायचा तर झाडाला ताण देतात, पाणी तोडतात. पण तो मोजक्या दिवसांचा, जमीन हलकी की भारी ते पाहून. लांबला तर झाड पानं टाकतं, फांद्या वाळून सल होते. आणि ताण सोडताना पहिलंच पाणी भरपूर देत नाहीत. आधी हलकं आंबवणी, मग चिंबवणी, मग नेहमीचं. आमच्या पोरी काय करतात? लग्न महिन्यावर आलं की नुसत्या काकडीवर राहतात आणि लग्नाच्या दिवशी पंगतीत एकदम पाट सोडून देतात. आंबिया बहार गळाला म्हणून कोणी बागेवर कुऱ्हाड चालवलेली मी पाहिली नाही. मिरगाच्या बहाराची वाट पाहतात.

खाण्याचं मी फार सांगत नाही, प्रत्येकीचं घर वेगळं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण, भरीत, हे सगळं आपल्याच चुलीवरचं आहे. त्यात तेलाची धार तेवढी पाहावी. संत्रं खावं, रस काढू नये. एका पेल्याला तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकून देतो, म्हणजे पोट भरणारं तेच गेलं. आणि उभ्यानं, ओट्याशी, सगळे झोपल्यावर खाऊ नये. लाजेतलं खाणं सगळं असं उभ्यानंच होतं, हे मी माझ्यावरून सांगते. ताट वाढून, बसून, सगळ्यांच्या देखत रोडगे खाल्लेस तरी चालेल. चार खाशील तर चार म्हणून लक्षात तरी राहतील.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा आपल्या मनानं बदलायच्या नाहीत. साखर एकदम उतरून घेरी येते. आधी डॉक्टरला विचारायचं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, पण तिथंही बाया काट्यावर चढावं लागेल म्हणून जात नाहीत. एका ठिकाणी तर काट्यावरच्या मुलीनं माझा आकडा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला होता. मी तिला जवळ बोलावून म्हटलं, "माय, मी मापं घेते तेव्हा वहीत लिहिते, बोलत नाही." तिला ते पटलं. तुम्हीही सांगा. सांगितलं की लोक ऐकतात.

सोबतीसाठी नवीन काही काढायची गरज नाही. भजनी मंडळ आहे, बचत गट आहे. तुकडोजी महाराजांच्या या मुलखात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते, तिथवर पायी जा आणि लांबच्या वाटेनं परत ये. आम्ही बचत गटाचीच रीत उचलली. गटात एखादीचा हप्ता चुकला तर तिला कोणी गटातून काढत नाही. पुढच्या बैठकीला ती येते, मागचा आणि आताचा देते, वहीत लिहिलं जातं. चालण्याचंही तसंच ठेवलं. वहिनीनं शंभर पानी वही केली. नाव, वार, चाललो की नाही, एवढंच. वजनाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. दोघींच्या पाच झालो. पैकी एक सहा महिने गायब होती, गेल्या सोमवारी परत आली. कोणी काही विचारलं नाही. वहिनीनं नुसतं वहीत तिचं नाव पुन्हा लिहिलं, त्याच जुन्या पानावर जागा होती.

मी अकरातले सहा उतरवले, मग दोन परत आले. सध्या तिथंच आहे. नवीन ब्लाउज शिवला, आणि आत दीड इंच माया ठेवली.

कोणाला माप घ्यायचं असेल तर दुपारी चारनंतर या. पिशवी लेकराच्या हाती धाडू नका, स्वतः या. दार नुसतं लोटलेलं असतं.